बिनालीने बांधलेलं खुराडं

बिनाली ड्रायव्हर कायमचा घरी आला त्या दिवशी गुलिझारने लोणी घालून केते नावाचे पाव भाजले आणि आळीतल्या बायकांना बोलावून चहाबरोबर खाऊ घातले. आनंद अगदी मनापासूनचा होता. लग्न झाल्यापासून तिचा नवरा कार्स ते इस्तंबूल, इस्तंबूल ते कार्स अशी लांबच्या पल्ल्याची बस चालवत होता. आठवड्यातून दीड दिवस घरी असायचा. त्यातला एक दिवस झोपेत जायचा, आणि उरलेल्या अर्ध्या दिवसात दोघांना एकमेकांचा इतका पुळका यायचा की भांडायला सवडच मिळायची नाही. दोन मुली या दीड-दीड दिवसांच्या संसारातच वाढल्या आणि लग्न होऊन बुर्साला गेल्या. आता हा माणूस रोज घरी असणार, रोज समोर बसून जेवणार, या विचाराने गुलिझारला त्या दिवशी नव्या नवरीसारखं वाटलं होतं.

महिनाभरात तिच्या लक्षात आलं की रोजचा नवरा ही वेगळीच चीज आहे.

बिनालीला स्वस्थ बसता येत नव्हतं. उजाडायच्या आत उठून तो शेगडीचा पाइप ठोकून बघायचा, जणू इंजिनच तपासतोय. फळीवरचे डबे त्याने उंचीप्रमाणे लावले. मिठाचा डबा शोधता शोधता गुलिझारचं सूप उतू गेलं. ती शाल पांघरून दाराकडे वळली की मागून आवाज यायचा, "कुठं चाललीस? परत कधी?" आणि आवाज तरी केवढा! शेवटच्या सीटवरच्या उतारूला ऐकू जावं असं बोलायची सवय, आणि घर दोन खोल्यांचं.

एका सकाळी ती कणीक मळत होती आणि तो मागे उभा राहून म्हणाला, "पाणी जरा जास्त होतंय."

गुलिझारने हात थांबवला. "अरे माणसा," ती म्हणाली, "तुझ्या हाताला काम नाही म्हणून माझं डोकं खातोयस. एक काम सांगू?"

"सांग की."

"माझ्या कोंबड्यांना घर बांधून दे. बर्फ पडायच्या आत."

हे काही त्याला बाहेर काढायचं निमित्त नव्हतं. म्हणजे तेवढंच नव्हतं. तिच्या कोंबड्या आजवर गोठ्यात राहत आल्या होत्या. खाली गाई रवंथ करायच्या, वर आडव्या फळीवर कोंबड्या बसायच्या, आणि गाईंच्या उबेवर सगळ्यांचा हिवाळा निघून जायचा. पण गुलिझारचे गुडघे धरले, वाकून धार काढणं जमेना, आणि गेल्या वसंतात गाई विकल्या. आता तो दगडी गोठा रिकामा होता. जानेवारीत आत ठेवलेल्या बादलीचं पाणी तळापर्यंत दगड झालं असतं. डझनभर कोंबड्या आणि वझीर नावाचा तांबडा कोंबडा, यांना गोठ्यात ठेवणं म्हणजे उघड्यावर टाकण्यासारखंच होतं.

बिनालीचे डोळे चमकले. "खुराडंच ना? बघच आता."

दुसऱ्याच दिवशी तो कार्सला जाऊन जुन्या गॅरेजमधल्या मित्रांना भेटला आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून खजिना घेऊन आला. भंगारात निघालेल्या बसच्या दोन मोठ्या खिडक्या, त्यांच्या रबरी पट्ट्यांसकट. सीटांमधला फोम. पत्रे. फळ्या तर घरच्याच होत्या. मागच्या अंगणात, घराच्या भिंतीला लागून, दक्षिणेकडे तोंड करून त्याने पाया घातला. गुलिझार मध्येमध्ये येऊन उंबऱ्यावर बसायची आणि सांगायची.

"बसायला गोल दांडी नको हं. रुंद फळी लाव."

"का? दांडीच तर लावतात सगळे."

"गोल दांडी धरायला कोंबडीला बोटं आवळून बसावं लागतं. बोटं उघडी राहतात, गारठतात. फळीवर ती पायांवरच बसते, पोटाची पिसं वर पसरते. पाय आपोआप झाकले जातात."

बिनालीने कोंबडीकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं. "मोजे घातल्यासारखं," तो म्हणाला आणि रुंद फळी लावली. एवढी एक गोष्ट तिची ऐकली. बाकी सगळं त्याने आपल्या डोक्याने केलं, आणि डोक्यात एकच गोष्ट होती: थंडी आत येता कामा नये. भिंतींना आतून फोम लावला, त्यावर प्लास्टिक ताणलं, त्यावर पुन्हा फळ्या मारल्या. दाराच्या चौकटीला रबरी पट्टी. खिडक्यांना रबरी पट्टी. जिथे दोन फळ्या भेटतात तिथे चिंध्या कोंबल्या आणि वरून डांबर फासलं. काम संपलं तेव्हा दार लावताना आतल्या हवेचा 'फुस्स' असा आवाज झाला. तो आवाज ऐकायला त्याने दाराची चार वेळा उघडझाप केली.

"मुंगीला श्वास घ्यायचा तर बाहेर यावं लागेल," तो छाती काढून म्हणाला.

सगळं गाव बघायला आलं. शेजारची पाकिझे, जिच्याकडे पांढऱ्या हंसांचा मोठा कळप होता, कमरेवर हात ठेवून खिडक्यांकडे बघत राहिली. "बिनालीदादा, तिकीट कुठं काढायचं?"

"कोंबड्यांना फुकट. तुला अर्धं तिकीट."

"आणि वाटेत एर्झुरूमला चहाला थांबणार ना? नाहीतर माझ्या हंसांना नको बाई ही बस."

बायका हसल्या, बिनालीही हसला. गुलिझारने मात्र त्याच्याकडे पाहिलं आणि तिला बरं वाटलं. महिनाभर घरात बूट हरवल्यासारखा फिरणारा माणूस आज पुन्हा ड्रायव्हरच्या सीटवर बसल्यासारखा दिसत होता.

बर्फ नोव्हेंबरातच पडला. डिसेंबरात गारठा असा वाढला की कुंपणाच्या तारा टणटण वाजू लागल्या. रोज संध्याकाळी कोंबड्या आपण होऊन त्या उबदार घरात शिरायच्या, बिनाली 'फुस्स' करून दार लावायचा आणि हात चोळत घरात येऊन सांगायचा, "उतारू बसले."

पहिल्यांदा गुलिझारला दिसली ती काच. सकाळी खिडकीवर आतून पाणी ओघळत असायचं. मग पाण्याचा बर्फ होऊ लागला, आणि काचेवर बोटभर जाडीची पांढरी साय धरली. दार उघडलं की अमोनियाचा असा भपका यायचा की डोळे चुरचुरायचे. पेंढा हातात घेतला तर ओला. छतातून थेंब पडायचे. मग एका सकाळी वझीर आरवलाच नाही. तुरा फुगून बसला होता, आणि तुऱ्याची टोकं पांढरीफटक पडली होती. चार दिवसांनी तीच टोकं काळी झाली.

गुलिझारने पाकिझेकडून हंसाची चरबी आणली, बोटावर घेऊन हलकेच तुऱ्याला लावली. कोंबडा एरवी चोच मारल्याशिवाय राहिला नसता, पण आता तो मान खाली घालून उभा राहिला. तिला गलबलून आलं.

"कुठूनतरी थंडी शिरतेय," बिनाली म्हणाला. "एखादी फट राहिली असणार."

तो सिगारेट पेटवून आत गेला आणि भिंतींच्या कडांनी धूर सोडत फिरला. धूर कुठेही ओढला गेला नाही. सरळ वर गेला आणि छताखाली निळ्या चादरीसारखा पसरून राहिला. "बघ! हललासुद्धा नाही," तो म्हणाला, आवाजात अभिमान होता आणि थोडी भीतीही. तरी त्याने दाराला आतून घोंगडी ठोकली. दोन दिवसांनी त्यावर आणखी एक.

त्या आठवड्यात करडी कोंबडी मेली. ती सगळ्यांत जुनी होती. आदले दोन दिवस तोंड उघडं टाकून घरघर श्वास घेत होती. सकाळी फळीखाली ओल्या पेंढ्यात पडलेली सापडली. गुलिझारने तिला उचललं, तर पोटाखालची पिसं ओली आणि थिजलेली.

"मी आणखी एक फोमचा थर देतो," बिनाली दारातून म्हणाला. "छताला कमी पडला असेल. आणि रात्री आत कंदील—"

"पुरे!" गुलिझार किंचाळली. तिचा आवाज चढलेला त्याने आजवर ऐकलाच नव्हता. दीड दिवसांच्या संसारात चढवायची वेळच आली नव्हती. "पुरे तुझे थर! जिथं जातोस तिथं सगळं बंद करतोस. डबे बंद, दारं बंद, मी कुठं चालले, कधी येणार. तू घरी आलास आणि या घरात कुणाला श्वास घ्यायला जागा उरली नाही!"

बोलून गेली आणि तिलाच धक्का बसला. बिनाली पुढे आला. त्याने टोपी नीट केली, कोंबडी तिच्या हातातून हळूच घेतली आणि अंगणाच्या टोकाला निघून गेला.

दुपारपर्यंत तो घरात आला नाही. गुलिझारने आधी ठरवलं, बघायचं नाही. मग भाजी चिरताना दोनदा खिडकीकडे पाहिलं. मग चहाच्या दुकानाकडे जाणाऱ्या वाटेवर नजर टाकली. ताज्या बर्फावर पाऊल नव्हतं. शेवटी शाल ओढून ती मागच्या अंगणात गेली. खुराड्याचं दार आतून ओढून घेतलेलं होतं.

"बिनाली?"

"आत ये. दार लाव पटकन."

तो उपड्या बादलीवर बसला होता. डोळे लाल, गालांवर पाणी. त्याच्या भोवती कोंबड्या पेंढा उकरत होत्या. गुलिझारने दार ओढून घेतलं. "रडतोयस?"

"छे. हा वास बघ कसला आहे. सकाळपासून बसलोय मी." त्याने बाहीने डोळे पुसले. "थोडा रडलोही असेन. तू बस. काही बोलू नकोस. नुसती बस आणि ती काच बघ."

काचेचा एक भाग त्याने खरवडून, पुसून स्वच्छ केला होता. त्यातून बाहेरचं पांढरं अंगण, कुंपण, पाकिझेचं घर दिसत होतं. गुलिझार त्याच्या शेजारी टेकली. बघता बघता कुंपण अंधुक झालं, मग पाकिझेचं घर विरघळलं, मग सगळंच गेलं. काचेवरून एक थेंब वाकडातिकडा खाली आला.

"आपण दोघं आणि या कोंबड्या," बिनाली म्हणाला. "बस उतारूंनी भरली की अगदी असंच व्हायचं."

गुलिझारला एकदम आठवलं. नवऱ्याच्या बसमधून तिने लांबचा प्रवास आयुष्यात एकदाच केला होता. थोरलीच्या वेळी दिवस राहिले होते, अंकाराच्या डॉक्टरांना दाखवायचं होतं. भर जानेवारी. ती पुढच्याच सीटवर होती.

"तू छताचं झाकण उघडलं होतंस," ती म्हणाली.

"काय?"

"अंकाराला जाताना. घाटात. काच अशीच झाली होती, आणि तू गाडीवरच्या मदतनीस पोराला सांगितलंस, वरचं झाकण उघड म्हणून. सगळी बस तुला शिव्या देत होती. तो लांब दाढीवाला म्हातारा तर तुझ्या सात पिढ्या उद्धरत होता."

बिनाली तिच्याकडे बघतच राहिला. "आणि मी म्हटलं—"

"तू म्हटलंस, थंडीने कुणी मरत नाही काका, पण मला रस्ता दिसला नाही तर आपण सगळेच जाऊ. आणि आपला कोट काढून माझ्या अंगावर टाकलास."

"वाफ," बिनाली सावकाश म्हणाला. "हीटर कितीही लाव, वाफ जायला वाट नसेल तर काच साफ होत नाही." त्याने छताकडे पाहिलं. पाण्याचे थेंब रांगेने लटकले होते. "थंडी शिरलीच नव्हती, गुलिझार. ओल बाहेर जात नव्हती. यांचाच श्वास यांच्या तुऱ्यांवर बसून गोठत होता. मी जेवढं बंद करत गेलो तेवढा..." वझीरच्या काळ्या तुऱ्याकडे बघत तो म्हणाला, "आयुष्यभर हेच तर काम केलं मी. आणि घरी येऊन विसरलो."

"मीही सकाळी वाटेल ते बोलले."

"खोटं नाही बोललीस."

"खोटं नाही," गुलिझार म्हणाली. "पण जास्त बोलले."

तो उठला. अंगात एकदम वारं भरलं. "करवत आणतो. इथं, फळीच्या शेजारी, एवढं मोठं भोक—"

"थांब, थांब! त्यांच्या पाठीत वारा घालून सगळ्यांना एकदम मारायचंय का? कोंबडीला थंडी चालते, झोत चालत नाही. पिसं फुगवून ती ऊब धरते; वारा लागला की पिसं उलटतात, ऊब गेली. गोठ्याला भोक कुठं होतं?"

"छतात."

"तुझी आई ते भोक कधी बुजवू द्यायची? बर्फाच्या वादळात फक्त वर गवताची पेंडी टाकायची, तीही अर्धी. वर पाड. यांच्या डोक्याच्या वर."

मग दोघांनी मिळून काम केलं. वळचणीखाली, दोन्ही बाजूंना, भिंतीच्या लांबीएवढी आडवी फट. डोंगराकडून वारा येतो त्या बाजूला बारीक, दुसऱ्या बाजूला तळहाताएवढी रुंद. कोल्हे शिरू नयेत म्हणून बारीक जाळी. वाऱ्याच्या बाजूला बिजागरीवर फळीची झडप, वादळ आलं की खाली ओढायला. दाराची घोंगडी काढली. ओला पेंढा सगळा उपसून कोरडा टाकला, ढोपरभर. पाण्याचं भांडं संध्याकाळी बाहेर न्यायचं ठरलं, कारण तीही ओलच.

करवतीचा आवाज ऐकून पाकिझे कुंपणाशी आली. "काय चाललंय काय? एवढ्या कडाक्यात भिंतीला भोकं?" तिने गुलिझारकडे पाहिलं. "ताई, यांना ताप तर नाही ना आला?"

"तापच उतरला," गुलिझार म्हणाली.

काम झाल्यावर तिने एक पीस दोऱ्याला बांधून फळीच्या वर, कोंबड्यांच्या पाठीच्या उंचीला धरलं. पीस स्तब्ध. "बरोबर," ती म्हणाली. मग बिनालीने सिगारेट पेटवली. धूर वर गेला, छताखाली क्षणभर घोटाळला, आणि मग बारीक दोऱ्यासारखा फटीतून बाहेर सरकू लागला. ती दोघं माना वर करून बघत राहिली.

त्या रात्री गुलिझारला झोप लागली नाही. मनात पाल चुकचुकत होती: आपण दोघांनी मिळून बाकीच्याही मारल्या तर? बिनालीही जागाच होता, पण दोघंही झोपल्याचं सोंग करून पडून राहिली. उजाडताच एकमेकांना न सांगता दोघंही बूट घालायला दाराशी आली आणि अडखळली.

खुराड्याच्या काचेतून आरपार दिसत होतं. कडेला थोडं दव होतं, तेवढंच. आत गारठा होता, पण कोरडा. वास होता तो पेंढ्याचा. कोंबड्या फळीवर एकमेकींना चिकटून, पिसांचे गोळे होऊन बसल्या होत्या. गुलिझारने एकीच्या पोटाखाली हात घातला. "बघ," ती कुजबुजली. बिनालीने हात घातला. पिसांखाली भट्टी होती.

वझीरला पुन्हा आरवायला आणखी बरेच दिवस लागले. तुऱ्याची काळी टोकं गळून पडली आणि तो मुकुट हरवलेल्या राजासारखा दिसू लागला. पण आरवला तेव्हा पाकिझेचे हंस दचकून ओरडले. करडीसारख्याच घरघरू लागलेल्या दोन कोंबड्याही सावरल्या. जानेवारी सरताना, गाव सगळं बर्फात गाडलेलं असताना, दक्षिणेच्या खिडकीतल्या उन्हात हिवाळ्यातलं पहिलं अंडं आलं.

आधी हसलेली पाकिझेच सर्वांत आधी आली. तिच्या हंसांच्या खोलीतही छतातून पाणी गळत होतं. मग चहाच्या दुकानातून कुणी बोलावलं, मग वरच्या वाडीतून. बिनाली करवत आणि पीस घेऊन जायचा. पीस दोऱ्याला बांधून धरताना तो सगळ्यांना सांगायचा, "हे माझ्या बायकोचं यंत्र आहे." हे गुलिझारला पाकिझेकडून कळलं. घरात तो तसं काही बोलला नव्हता. हो, कणकेतलं पाणीही आता तो बघत नव्हता. बघितलंच तर ओठ घट्ट मिटून धरायचा. ते बघून तिला हसू यायचं, आणि कधी कधी तीच विचारायची, "सांग बाबा, जास्त झालं का?"

मार्चमध्ये, बर्फ अजून वितळला नव्हता तेव्हा, तपकिरी कोंबडी खुडूक झाली. अंड्यांवरून उठेना, जवळ गेलं की अंग फुगवून गुरगुरायची. बिनाली धावत घरात आला.

"एवढ्या थंडीत? हिला कळत नाही का?"

"तिला कळतं तेवढं तुला-मला कळत नाही. तिला पिल्लं निघतील अशी जागा वाटतेय, म्हणून बसली." गुलिझारने निवडून अंडी दिली आणि दोघांनी तिच्या पोटाखाली सारली.

त्यानंतर बिनालीचा पाय खुराड्यातून निघेना. दर थोड्या वेळाने आत डोकावायचा. पेंढा सारखा करायचा, फटीकडे बघायचा, झडप वर-खाली करायचा. "हिला आता काय पाहिजे?" तो विचारायचा. "आणखी एखादी पेंडी? पाणी जवळ सरकवू?"

"काही नको," गुलिझार दारातून म्हणाली. "तिला तिच्या घरात बसू दे. तू आपल्या घरात ये. चहा ओतलाय मी."

तो आला. तिने साखरेचा खडा त्याच्या बशीत ठेवला आणि खिडकीपाशी त्याच्या शेजारी बसली. मागच्या अंगणात वझीर विनाकारण आरवत होता.

"आवाज फार मोठा आहे त्याचा," बिनाली म्हणाला.

"आहेच," गुलिझार म्हणाली आणि त्याच्याकडे बघून हसली.